दुष्काळांतील उपकारस्तुति: रेव्हरंड नारायण वामन टिळक



खरिपाचा हंगाम हातीं येऊं लागला म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यांतील खेडोपाडींच्या मंडळ्यांत उपकारस्तुतीच्या सणाची तयारी सुरू होते. कोणी ज्वारीचीं कणसें आणतो, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी पायलीभर सोयाबीन, कोणी पहिल्या वेचणीचा कापूस टोपलींत भरून आणतो. ज्याला शेत नाहीं तो चार अंडीं किंवा परसांतला एक कोहळा आणून मंदिरांत ठेवतो. उपासना झाल्यावर त्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि येईल तो पैसा प्रभूच्या कामीं लागतो. लेंकरांस तर ह्या दिवसाचा आनंद नाताळाच्या खालोखाल असतो.

परंतु सर्व वर्षें सारखीं नसतात. एका हंगामानंतर एका शेतकरी बंधूनें आम्हांस विचारलें कीं, कपाशी अळीनें खाल्ली, सोयाबीन उभ्या पावसांत कुजलें, देणें तसेंच डोक्यावर आहे. अशा वर्षीं टोपलींत काय घालून मंदिरांत यावें, आणि कोणत्या तोंडानें देवाचे आभार मानावे? हा प्रश्न त्या एकट्याचा नाहीं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांस विशेष साहाय्य जाहीर केलें त्यांत आपल्या जिल्ह्याचेंही नांव होतें. आणि २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीची काय दशा केली, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आणखी एक दुःख आहे, तें लोक सहसा बोलून दाखवीत नाहींत. ज्या घरांतून एकटा नवराच किंवा एकटी बायकोच ख्रिस्ताकडे आली आहे, त्या घरांत सणाचा दिवस इतर दिवसांहून जड जातो. मंदिरांत इतर कुटुंबें मुलाबाळांसह बसलेलीं असतात, आणि हा बंधु किंवा ही भगिनी एका कडेला एकटी बसलेली असते.

ह्या दोन्ही दुःखांस उत्तर म्हणून आम्ही आज उपदेश न करितां एक चरित्र सांगणार आहों. तें चरित्र कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें. त्यांचीं गीतें आपण दर रविवारीं गातों. पण ज्या घरांतून तीं गीतें निघालीं त्या घराची कथा पुष्कळांस ठाऊक नसते.

प्रथम सणाविषयीं दोन शब्द. मोशेच्या नियमशास्त्रांत इस्राएल लोकांस कापणीचा सण व मंडपांचा सण पाळावयास सांगितलें आहे, आणि त्या आनंदांत मुलगा, मुलगी, चाकर, परदेशी, पोरका व विधवा ह्या सर्वांस सामील करून घ्यावें असें अनुवादाच्या सोळाव्या अध्यायांत स्पष्ट फर्माविलें आहे. पुढें १६२० सालीं इंग्लंडांतून निघालेलीं सुमारें शंभर माणसें अमेरिकेच्या किनाऱ्यावर प्लिमथ येथें उतरलीं. पहिल्याच हिवाळ्यांत त्यांच्यापैकीं निम्मीं मेलीं. उरलेल्यांस तेथील मूळ रहिवाशांनीं मका पेरावयास शिकविलें, आणि १६२१ सालच्या शरदांत पीक आल्यावर दोन्ही लोकांनीं मिळून तीन दिवस भोजन केलें. पुढच्या काळांत गोऱ्या लोकांनीं त्याच मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या, ही लज्जेची गोष्ट आहे, आणि जो उपकार विसरतो त्याच्या हातून काय घडतें हें तींत दिसतें. तथापि निम्मे आप्त पुरून आलेल्या माणसांनीं देवाचे आभार मानिले, ही गोष्टही खरीच. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, ते त्याच देशांतून, बोस्टन येथील संस्थेनें पाठविलेले असे आले होते. त्याच मिशनच्या मंडळींत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण घराण्यांत झाला. वडील वामनराव सरकारी नोकरींत असून स्वभावानें फार कडक होते. आई जानकीबाई प्रेमळ होत्या व त्यांस कवितेची आवड होती. तीच आवड मुलांत उतरली. नारायणाचें दुर्दैव असें कीं, ही आई त्यास लहानपणींच सोडून गेली. आईच्या मागें घरांत मन रमेना, तेव्हां मुलगा घर सोडून नाशकास आला. तेथें परक्यांच्या आश्रयास राहून त्यानें विद्या केली. गणेशशास्त्री लेले ह्या विद्वान गुरूंपाशीं त्यास संस्कृताचें ज्ञान मिळालें. ज्यानें आपलें घर असें अल्पवयांत गमाविलें, त्याच्या मनांत घराची ओढ जन्मभर राहिली असल्यास नवल नाहीं.

सुमारें अठराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें. वधू नाशकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका. वय अकरा वर्षांचें. सासरीं तिचें नांव लक्ष्मी ठेविलें. ह्याच पुढें मराठी वाचकांच्या आवडत्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. टिळकांचा स्वभाव उदार, तापट व अस्थिर. आज एका गांवीं नोकरी, तर उद्यां दुसऱ्या गांवीं. हातीं पैसा आला कीं तो दुसऱ्याच्या गरजेस दिलाच म्हणून समजावें. कधीं कधीं तर घरांत न सांगतां ते निघून जात, आणि पत्नीला माहेरच्या किंवा बहिणीच्या आश्रयास राहावें लागे. हें आम्ही लपवीत नाहीं, कारण स्वतः लक्ष्मीबाईंनींही तें लपविलें नाहीं. देवानें निवडलेलें पात्र मातीचेंच असतें.

१८९१ च्या सुमारास टिळक आपल्या विदर्भांत आले. नागपुरांत श्रीमंत अप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयानें ते संस्कृत ग्रंथांचें काम करूं लागले. मुंबईकडून नागपुरास येणारा लोहमार्ग पुलगांव व वर्धा ह्या आपल्या स्थानकांवरूनच जातो, व तो १८६७ सालींच नागपुरापर्यंत पोंचला होता. तेव्हां नाशकाकडून नागपुरास येतां जातां ह्या कवीनें आपलीं काळीं शेतें गाडीच्या खिडकींतून पाहिलीं असतील असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या दिवसांत त्यांचें मन स्वस्थ नव्हतें. देशांतील जातिभेद त्यांस सहन होत नसे. ज्यांत उच्चनीच नाहीं असा एखादा नवा धर्म आपणच काढावा असेंही त्यांच्या मनांत घोळत असे.

१८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास नोकरीसाठीं निघाले. आगगाडीच्या डब्यांत एक गोरा प्रवासी होता. तो त्यांच्याशीं आदरानें बोलला, व निरोप घेतांना त्यानें नव्या कराराचें एक पुस्तक त्यांच्या हातीं दिलें. तें वाचीत राहाल तर दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें तो म्हणाला. टिळकांस तें बोलणें पटलें नाहीं, पण पुस्तक वाचण्याचें वचन त्यांनीं दिलें आणि पाळिलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले, आणि तेथून त्यांचा पाय पुढें निघेना. ज्या प्रीतीचा ते शोध करीत होते ती त्यांस तेथें सांपडली. आमच्या उपदेशक बंधूंनीं येथें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, त्या प्रवाशानें वाद घातला नाहीं. त्यानें आदरानें बोलून एक पुस्तक दिलें आणि पुढचें काम देवावर सोडिलें.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या मंडळींत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो देणारे पाळक रेव्हरंड तुकाराम नथोजी हे एतद्देशीय होते. ज्या समाजांत टिळक जन्मले त्या समाजानें त्यांस मेल्यांत जमा केलें. पण सर्वांत मोठा घाव घरीं बसला. पत्नीस बरोबर घेऊन हें पाऊल टाकणें त्यांस साधलें नव्हतें. लक्ष्मीबाईंस ही बातमी मागाहून कळली, आणि त्यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. पदरीं दत्तू हा लहानसा मुलगा. त्याला घेऊन त्या नातलगांच्या आधारानें राहूं लागल्या. कांहीं काळ पंढरपुरासही होत्या.

अशीं जवळजवळ पांच वर्षें गेलीं. ह्या पांच वर्षांकडे आमच्या वाचकांनीं जरा थांबून पाहावें. टिळक अहमदनगरास मिशनच्या कामांत होते, धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवीत होते. ख्रिस्तामध्यें त्यांस शांति मिळाली होती. परंतु उपासना आटोपून घरीं आल्यावर दार उघडणारें कोणी नव्हतें. तिकडे लक्ष्मीबाईंच्या दारींही दसरा, दिवाळी, संक्रांत येत व जात, आणि पांचांत त्यांस मान नसे. एकाच देवाचे उपकार आठवणारीं दोन माणसें दोन गांवीं निरनिराळ्या रीतीनें रडत होतीं. आज आपल्या मंडळ्यांत ज्यांचें घर असें दुभंगलेलें आहे, त्यांनीं हें समजून असावें कीं ज्याच्या गीतांनीं आपण आभार मानितों त्यानेंही ह्याच वाटेनें प्रवास केला आहे.

टिळकांनीं ह्या काळांत दोन गोष्टी केल्या नाहींत. त्यांनीं ख्रिस्तास सोडिलें नाहीं, आणि पत्नीसही सोडिलें नाहीं. दुसरें लग्न करण्याचा विचार त्यांनीं मनांत आणिला नाहीं. ते पत्रें लिहीत राहिले, आणि पत्नीला स्वतःच्या इच्छेनें येऊं द्यावें, ओढून आणूं नये, असें त्यांनीं धोरण ठेविलें. शेवटीं लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरास आल्या. परंतु ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. त्यांनीं आपला स्वयंपाक वेगळा ठेविला, आपलें सोंवळें वेगळें ठेविलें. टिळकांनीं तेंही चालूं दिलें. एका घरांत दोन चुली पेटत होत्या, पण घर पुन्हां एक झालें होतें. जो नवरा पूर्वीं न सांगतां घरांतून निघून जात असे, तो आतां बायकोच्या सोंवळ्याची अडचण सोशीत घरांत राहात होता. टिळकांच्या मनःपालटाची ह्याहून मोठी खूण आम्हांस दिसत नाहीं.

हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनांत पालट होऊं लागला. तो कोणाच्या वादविवादानें झाला नाहीं. भोंवतालच्या ख्रिस्ती माणसांचें वागणें त्या पाहात होत्या, आणि स्वतःशीं विचार करीत होत्या. देवानें माणसें निर्माण केलीं, जाति कांहीं त्यानें निर्माण केल्या नाहींत, हा निर्णय त्यांनीं आपल्या बुद्धीनें केला. आणि एकदां केल्यावर त्या मागें फिरल्या नाहींत. कोणाच्याही हातचें अन्नपाणी घेण्यास त्यांस संकोच उरला नाहीं. १९०० सालीं राहुरी येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. दोन चुलींच्या जागीं एक चूल झाली, आणि दत्तूस आई व बाप दोघेंही एकाच प्रार्थनेंत मिळालीं.

आतां हें साल कोणतें होतें तें पाहा. १८९९ सालीं पावसानें दगा दिला, आणि १९०० सालीं पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत जो दुष्काळ पडला त्यास जुनीं माणसें छप्पनाचा दुष्काळ म्हणत. अहमदनगर जिल्हा त्यांत होरपळला, व आपला मध्यप्रांतही होरपळला. विहिरी आटल्या, गुरें मेलीं, खडी फोडण्याच्या कामावर गांवेंच्या गांवें लोटलीं, आणि अनाथ मुलें मिशनच्या आश्रयास आलीं. त्या वर्षीं कोणाच्याही टोपलींत घालावयास कणीस नव्हतें. आणि त्याच वर्षीं टिळकांच्या घरांत पहिली खरी उपकारस्तुति झाली, कारण पांच वर्षें तुटलेलें कुटुंब देवासमोर एकत्र बसलें. हबक्कूक संदेष्ट्याचें पुस्तक ज्या गीतानें संपतें त्याचा भाव असाच आहे. शेत ओसाड, गोठा रिता, तरी देवाच्या ठायीं आनंद. तें गीत पुष्कळ जण वाचतात. टिळकांच्या घरीं तें घडलें.

आमच्या शेतकरी बंधूच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. उपकारस्तुति ही पिकाची किंमत नव्हे. पीक चांगलें आलें तर देवाला इतकें द्यावें, आणि बुडालें तर कांहीं देऊं नये, असा हा व्यवहार असता तर दुष्काळाच्या वर्षीं मंदिराला कुलूप लावावें लागलें असतें. पीक ही देवाची देणगी खरी, पण पहिली देणगी नव्हे. पहिली देणगी तो स्वतः, आणि त्याच्या मागोमाग त्यानें आपल्याजवळ बसविलेलीं माणसें. तथापि बुडालेल्या शेतकऱ्यास हें शब्दानें सांगून आपण मोकळे होऊं नये. त्याविषयीं शेवटीं बोलूं.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांच्या ध्यानांत आलें कीं, मराठी ख्रिस्ती मंडळी बहुतेक परभाषेंतून आलेलीं गीतें परक्या चालींवर गाते. आपल्याकडेही तीच स्थिति होती. स्कॉटलंडच्या मंडळीनें पाठविलेले स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले, व त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं वर्ध्यासही काम चालविलें. त्या सत्पुरुषांचे उपकार आपण कधींही विसरूं नये. पण खेड्यांतील बाई जात्यावर बसली असतां तिच्या तोंडीं स्कॉटलंडची चाल येत नाहीं. तिच्या तोंडीं ओवी येते. टिळकांनीं हें ओळखिलें. लहानपणापासून कानांवर पडलेले तुकारामांचे अभंग त्यांच्या रक्तांत मिसळलेले होते, आणि ख्रिस्ताकडे येण्यास त्या अभंगांचें आपणांस साहाय्य झालें, हें ऋण ते शेवटपर्यंत उघडपणें कबूल करीत. त्याच अभंगांच्या व भजनांच्या छंदांत त्यांनीं ख्रिस्ताची स्तुति रचिली. अहमदनगराकडे ख्रिस्ती कीर्तनाची चाल त्यांच्या आधींपासून होती; तिला टिळकांनीं नवा जोर आणिला. आज आपल्या मंडळ्यांत जीं गीतें गाइलीं जातात त्यांत टिळकांच्या गीतांचा वांटा फार मोठा आहे. अक्षरओळख नसलेली म्हातारीही टाळांच्या ठेक्यावर तीं तोंडपाठ म्हणते. आभार मानावयाचे तर ते आपल्या भाषेंत, आपल्या गळ्यानें मानितां आले पाहिजेत. ती सोय टिळकांनीं आपल्यासाठीं करून ठेविली.

१९०४ सालीं टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे संपादक होते. फुलांवर व मुलांवर त्यांनीं लिहिलेल्या कवितांमुळें सर्व महाराष्ट्र त्यांस फुलामुलांचे कवि म्हणूं लागला. त्यांचें घर तर धर्मशाळाच होतें. पोरकीं मुलें त्यांनीं आपल्या घरीं वाढविलीं. बालकवि ठोमरे हा हिंदु तरुण कवि त्यांच्या अहमदनगरच्या घरीं मुलासारखा राहिला, आणि त्याच्या धर्मास कोणी हात लाविला नाहीं. घरांत येणाऱ्या माणसांच्या मानानें पैसा नेहमीं अपुरा असे, व त्याची ओढाताण लक्ष्मीबाईंस सोसावी लागे. ज्यांना मुळाक्षरेंही नीट येत नव्हतीं त्या लक्ष्मीबाई पतीच्या प्रोत्साहनानें लिहूं वाचूं लागल्या व स्वतः कविता करूं लागल्या.

१९०९ सालीं टिळकांनीं ख्रिस्तचरित्रावर ख्रिस्तायन हें महाकाव्य ओवी छंदांत लिहावयास घेतलें. आयुष्याच्या शेवटीं, १९१७ सालीं, मिशनचें वेतन सोडून त्यांनीं सातारा येथें देवाचा दरबार स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, परंतु ख्रिस्तावर प्रीति करणारे, अशा सर्वांनीं तेथें एकत्र बसावें असा त्यांचा हेतु होता. ती कल्पना सर्वांस मान्य झाली असें नाहीं. आम्हांसही बाप्तिस्म्याचें महत्त्व कमी करणें योग्य वाटत नाहीं. पण ज्याच्या स्वतःच्या घरांत कांहीं काळ दोन चुली होत्या, त्यास दाराबाहेर उभ्या असलेल्यांविषयीं कळवळा वाटावा हें आम्ही समजूं शकतों.

९ मे १९१९ रोजीं मुंबईंत टिळक प्रभूच्या विश्रांतींत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणें देहास अग्नि देण्यांत आला व रक्षा अहमदनगरास नेण्यांत आली. ख्रिस्तायनाचे दहा अध्याय झाले होते, आणि ग्रंथ अपुरा राहिला होता. तो लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतला, व साठांहून अधिक अध्याय लिहून पुरा केला. जी स्त्री एके काळीं ख्रिस्ताच्या नांवानें रडत होती तिनेंच ख्रिस्ताचें चरित्र शेवटास नेलें. त्यांचें स्मृतिचित्रें हें आत्मचरित्र मराठींतील उत्तम ग्रंथांत गणलें जातें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्याही प्रभूकडे गेल्या, आणि १९३८ सालीं त्यांचे चिरंजीव देवदत्त, म्हणजे तोच लहान दत्तू, ह्यांनीं ख्रिस्तायन प्रसिद्ध केलें. बापानें आरंभिलें, आईनें पुरें केलें, मुलानें लोकांच्या हातीं दिलें. तें काव्य एका कुटुंबाची उपकारस्तुति आहे असें म्हटल्यास चुकणार नाहीं.

आतां ह्या चरित्राप्रमाणें आपण सण कसा पाळावा, तें आमच्या उपदेशक बंधूंसाठीं थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, सणाची सुरुवात मंदिरांत न होतां घरांत व्हावी. आदल्या रात्रीं जेवणापूर्वीं सर्वांनीं दिव्याभोंवतीं बसावें. वडिलानें एक लहानसा उतारा वाचावा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून वाचवावा. मग सर्वांत लहान लेंकरापासून म्हातारीपर्यंत एकेकानें वर्षांतील एक उपकार बोलून दाखवावा, आणि टिळकांचें एक भजन म्हणून जेवावें. ह्याला पैसा लागत नाहीं.

दुसरी गोष्ट, ज्याचे घरचे अद्यापि ख्रिस्ताकडे आले नाहींत त्यानें सणाच्या दिवशीं त्यांच्याशीं भांडूं नये, व त्यांस तुच्छ लेखूं नये. बोलवावें, न आले तर मंदिरांतून येतांना त्यांच्यासाठीं गोडधोड घेऊन जावें. टिळक पांच वर्षें थांबले, आणि पुढेंही सोंवळ्याचा त्रास सोशीत थांबले. मंडळीनेंही अशा एकट्या बंधूस किंवा भगिनीस त्या दिवशीं आपल्या कुटुंबाच्या पंक्तीस बसवून घ्यावें.

तिसरी गोष्ट, सणासाठीं कोणीं कर्ज काढूं नये. नवें लुगडें व नवा सदरा ह्यांवांचून देव कोणास परत पाठवीत नाहीं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सणाच्या आधीं आठ दिवस उपदेशकानें ज्यांचें पीक बुडालें त्यांच्या घरीं जाऊन बसावें. वर्गणी मागावयास नव्हे, तर त्यांचें ऐकावयास. देण्याच्या काळजीनें जो माणूस अबोल झाला आहे त्यास एकटा सोडूं नये. अशा घरानें रिकामी टोपली घेऊन मंदिरांत येण्यास लाजूं नये, आणि मंडळीनें ती टोपली रिकामी परत जाऊं देऊं नये. लिलावाच्या आधींच अर्पणांतून ती ज्वारीनें, डाळीनें भरावी व सन्मानानें त्या घरीं पोंचवावी. पोरका व विधवा ह्यांस सणांत घ्यावें अशी जी आज्ञा आम्हीं वर सांगितली तिचा अर्थ हाच आहे.

त्या शेतकरी बंधूस आम्हीं त्या वेळीं नीट उत्तर देऊं शकलों नाहीं. त्या वर्षीं तो सणास आला, बायको व दोन मुलें ह्यांसह आला, आणि शेवटल्या ओळींत बसला. टोपलींत त्यानें काय आणिलें होतें तें आम्हीं पाहिलें नाहीं. पण भजन सुरू झाल्यावर त्या चौघांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. ज्यानें छप्पनाच्या दुष्काळांत एका तुटलेल्या घरास एकत्र आणून उपकारस्तुति शिकविली, तो प्रभु ह्या वर्षीं आपल्या प्रत्येक घरास, भरल्या असोत कीं रित्या असोत, त्या टोपल्यांसह आपल्यासमोर आनंदानें उभें करो. आमेन.